दुगण आणि वाढलेली लय
(भजनी मंडळींसाठी एक पाठ)



भजनाला रोज बसणाऱ्या मंडळींतही ज्या गोष्टीचा हमखास घोटाळा होतो, अशी एक गोष्ट या पाठात घेतली आहे. मृदंगावर दुगण लागली म्हणजे लय वाढली, असे पुष्कळजण धरून चालतात. कोणी म्हणतो, "बुवा, दोन्ही एकच की! जलद ते जलद." पण दोन्ही एक नव्हेत. एकीत काळ तेवढाच राहतो आणि त्यात भरणा दुप्पट होतो. दुसरीत काळच आखूड होतो. हा भेद न कळल्यामुळे मी स्वतः एकदा चांगलाच चुकलो, तो प्रसंग आधी सांगतो आणि मग मुद्द्याकडे वळतो.

मी तेव्हा पोरसवदा होतो. मृदंगावर हात नुकता कुठे बसू लागला होता. एका एकादशीला गावच्या देवळात भजन रंगले. बुवांनी अभंग ठाय लयीत धरला होता. मला उमेद आली आणि मी दुगण लावली. टाळकऱ्यांनी माना डोलावल्या. मला वाटले, आपले जमले. पण पुढच्या चार-पाच आवर्तनांत माझा हात पळू लागला. हातामागे टाळ पळाले, टाळांमागे शब्द पळाले. आमच्यात एक वयस्क टाळकरी होते, त्यांना सारे आबा म्हणत. त्यांनी टाळ हळूच खाली ठेवले आणि ते खांबाला टेकून बसले. पुढचे भजन त्यांनी नुसते ऐकले.

दुसऱ्या दिवशी मी विचारले, "आबा, काल मधूनच का बसलात? बरे नव्हते का?" ते म्हणाले, "बरा होतो रे बाळा. तू दुगण वाजवलीस तेव्हा मला फार बरे वाटले. पण मग तू पळालास. तुझी दुगण मला पेलते, तुझे पळणे पेलत नाही. श्वास कुठे घेऊ मी?"

त्या वेळी मला त्यातले अर्धेच कळले. उरलेले अर्धे कळायला पुढे बरीच वर्षे गेली. तेच आज मांडतो.

मात्रा, आवर्तन, लय

आधी तीन शब्द पक्के करू. मात्रा म्हणजे ताल मोजण्याचे एक माप. हाताने एकसारखी टाळी देत गेलो तर प्रत्येक टाळी ही एक मात्रा. अशा ठराविक मात्रांचा फेरा म्हणजे आवर्तन. आपला भजनी ठेका आठ मात्रांचा. पहिल्या मात्रेवर सम, पाचवीवर खाली, आणि आठ झाल्या की पुन्हा सम. लय म्हणजे दोन मात्रांमधले अंतर. अंतर लांब असेल तर लय ठाय किंवा विलंबित, मधले असेल तर मध्य, आणि थोडे असेल तर द्रुत.

हे अंतर घड्याळावर मोजता येते. योहान मेल्झेल याने १८१५ साली टिकटिक करणाऱ्या लयमापक यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हापासून लय मिनिटाला किती ठोके अशा आकड्यात सांगण्याचा प्रघात पडला. आता तो लयमापक मोबाइलवरही मिळतो. मिनिटाला ६० ठोके म्हणजे एक मात्रा एका सेकंदाची आणि आठ मात्रांचे आवर्तन आठ सेकंदांचे. मिनिटाला १२० ठोके केले की मात्रा अर्ध्या सेकंदाची आणि आवर्तन चार सेकंदांचे. हे दोन आकडे ध्यानात ठेवा. पुढचा सारा हिशेब त्यांच्यावरच आहे.

दुगण म्हणजे काय

बाप आणि लेकरू हात धरून वाटेने चालले आहेत. बाप एक पाऊल टाकतो तेवढ्यात लेकरू दोन टाकते. लेकराची पावले दुप्पट पडतात, पण दोघे चालतात बरोबर आणि पोचतात बरोबर. बापाला घाई नाही. ही दुगण. आता समजा आभाळ भरून आले आणि दोघेही पळत सुटले, तर ती वाढलेली लय. तिथे बापाचे पाऊलसुद्धा जलद पडते आणि वाट लवकर सरते.

गाण्याच्या भाषेत सांगायचे तर, मूळ मात्रा जशीच्या तशी ठेवून तिच्या पोटात एकाऐवजी दोन अक्षरे किंवा दोन बोल बसवणे म्हणजे दुगण. पुस्तकांत तिला दुगुन म्हणतात. तीन बसवली तर तिगण, चार बसवली तर चौगण. मात्रा हलत नाही, सम आपल्या वेळीच येते.

उदाहरणाला आपल्या तोंडचे नामच घ्या. राम-कृष्ण-हरी यात अक्षरे सहा. आठ मात्रांत ते ठायीने असे बसेल, शेवटच्या दोन मात्रा स्वर लांबवायला किंवा श्वास घ्यायला:

रा । म । कृ । ष्ण । ह । री । ऽ । ऽ

त्याच आठ मात्रांत दुगण अशी:

राम । कृष्ण । हरी । ऽऽ । राम । कृष्ण । हरी । ऽऽ

नाम दोनदा झाले, आवर्तन मात्र एकच झाले. टाळी देणाऱ्याला काही वेगळे करावे लागले नाही. तो आठ टाळ्या त्याच सबुरीने देत राहिला.

ज्यांनी मृदंगाचे पहिले धडे घेतले आहेत त्यांना चौताल ठाऊक असेल. त्याचा ठेका बारा मात्रांचा:

धा धा । दिं ता । किट धा । दिं ता । तिट कत । गदि गन

यात प्रत्येक उभ्या रेघेच्या आत दोन मात्रा आहेत. पहिल्या चार मात्रांना एकेकच बोल आहे. पाचवीला 'किट' आहे, म्हणजे एका मात्रेत दोन अक्षरे. नववीपासून बारावीपर्यंत तर प्रत्येक मात्रेला दोन-दोन: तिट, कत, गदि, गन. ऐकणाऱ्याला शेवटी ठेका धावल्यासारखा वाटतो. पण धावतात ती अक्षरे. मात्रा नवव्या ठिकाणी जेवढी लांब आहे तेवढीच पहिल्या ठिकाणी होती. आपल्या जुन्या जाणत्यांनी ठेक्याच्या पोटातच हा धडा घालून ठेवला आहे. गुरू शिष्याकडून बोल म्हणवून घेतात आणि हाताने टाळी द्यायला लावतात, ते यासाठीच. तोंडाने दुप्पट झाले तरी हाताने जागा सोडायची नाही.

लय वाढणे म्हणजे काय

लय वाढते तेव्हा मात्राच आखूड होते. बोल, शब्द, टाळ, पाऊल सारे एकदम जवळ येते. मिनिटाला ६० मात्रांवरचे भजन १२० वर गेले तर आठ सेकंदांचे आवर्तन चारात आटोपते. कोणाच्याही वाट्याला जुनी सबुरी उरत नाही.

आणखी दोन फरक आहेत. पहिला असा, की दुगण बरोबर दुप्पटच असते, पावणेदोनपट दुगण नसते. लय मात्र कितीही वाढेल. ६० वरून ७० होईल, ८५ होईल, आणि वाढली हे कोणाच्या ध्यानातही येणार नाही. दुसरा असा, की दुगण एका ठरलेल्या जागेवर लागते. समेवर तरी, किंवा खालीवर तरी. लय हळूहळू चढते, आणि चढवायची नसतानाही चढते. आपण म्हणतो ना, "हात पळाला"? दुगण ठरवून लावावी लागते. लय न ठरवताच पळते.

हल्ली भजनात सिंथेसायझर वाजवणारी तरुण मुलेही येतात. ती 'डबल टाइम' आणि 'डबल टेंपो' असे शब्द वापरतात. पहिला आपल्या दुगणीच्या जवळचा, दुसरा म्हणजे लयच दुप्पट. पण दोन्हींत 'डबल' आल्यामुळे ऐकणारा गोंधळतो. नुसत्या 'डबल' या शब्दावर विसंबू नये, याचे एक गमतीचे उदाहरण कवायतीत आहे. तिथे तेज चाल मिनिटाला १२० पावलांची आणि 'डबल' म्हणजे दौड चाल १८० पावलांची मोजतात. नाव डबल, आणि हिशेब दीडपट! तेव्हा भजनात कोणी म्हणाले, "डबल करा," तर आधी विचारावे, "काय डबल करू, बोल की लय?"

भार कोणावर पडतो

आता आबांच्या बोलण्याचा उलगडा करू. मोठ्या अभंगाच्या रचनेत एका कडव्याचे चार तुकडे असतात. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. म्हणजे सारी मिळून बावीस अक्षरे. समजा एक चाल अशी आहे, की दर तुकड्याला एक आवर्तन आणि दर अक्षराला एक मात्रा. म्हणजे पहिल्या तीन तुकड्यांना सहा मात्रा शब्द आणि दोन मात्रा विसावा. चौथ्याला चार मात्रा शब्द आणि चार मात्रा विसावा. सगळ्याच चाली अशा सरळ नसतात, पण हिशेब कळायला ही बरी.

लय ६० ची धरली तर कडवे ३२ सेकंदांचे होते. तुकड्या-तुकड्यामध्ये गाणाऱ्याला दोन सेकंद मिळतात. तेवढ्यात म्हातारा माणूससुद्धा सावकाश श्वास घेतो. आता यावर तीन गोष्टी करता येतात.

पहिली, वाद्याची दुगण. मृदंग आणि टाळ दुप्पट वाजतात, शब्द ठायच राहतात. कडवे ३२ सेकंदांचेच राहिले, विसावा दोन सेकंदांचाच राहिला. गाणाऱ्यावर भार काही नाही, पण भोवती उठाव आला. ज्याचे हात दमले तो टाळकरी ठायीनेच टाळ वाजवत राहिला तरी चुकत नाही. त्याचा एक टाळ दुसऱ्याच्या दोन टाळांत बरोबर बसतो.

दुसरी, शब्दांची दुगण. टाळ ठाय, पण गवई तुकडा निम्म्या वेळात म्हणतो आणि उरलेल्या चार मात्रांत तो पुन्हा म्हणतो. इथे गळ्यावर भार आला. विसावा एका सेकंदाचा झाला. पण हा भार एकट्याने एखादे-दुसरे आवर्तन घ्यायचा असतो. बाकीची मंडळी आपल्या ठिकाणी शांत असतात, आणि गवई समेवर त्यांच्यात परत येतो.

तिसरी, लयच दुप्पट. कडवे १६ सेकंदांचे झाले, विसावा एका सेकंदाचा झाला, टाळ दुप्पट, पाऊल दुप्पट. आणि हे एकट्यावर नाही, सगळ्यांवर, एकाच वेळी. मात्रेला एक पाऊल धरले तर मिनिटाला १२० पावले झाली. म्हणजे कवायतीची तेज चाल. तरुणाला मौज वाटेल. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाने, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाईने काय करावे?

पहा, कानाला तिन्ही जलदच वाटतात. पण पहिलीत सारे टिकतात, दुसरीत एकजण पुढे जाऊन परत येतो, आणि तिसरीत जो टिकेल तो टिकतो. आबांना माझी पहिली पेलत होती. मी नकळत तिसरीत शिरलो, तेव्हा त्यांनी टाळ ठेवले.

कान का फसतो

इथे कोणी शंका घेईल, की हा भेद एवढा उघड असता तर मंडळी चुकली का असती? चुकण्याला कारण आहे. नुसता मृदंग ऐकून हा भेद कळतच नाही. दाराबाहेर उभे राहून फक्त मृदंगाचा आवाज आला, तर ६० च्या लयीतली दुगण आणि १२० ची सरळ लय कानाला सारखीच लागते. बोल तेवढेच, वेगही तोच. मूळ मात्रा कोणती आहे हे मृदंग एकटा सांगत नाही. ते कळते शब्दांवरून आणि पावलावरून. म्हणजे भेद एका वाद्यात नाही, एकमेकांच्या नात्यात आहे.

नव्या टाळकऱ्याचे असेच होते. त्याचे लक्ष सारे मृदंगाकडे. मृदंगावर दुगण लागली की त्याला वाटते, मात्राच जवळ आली. मग तो शब्द ओढून त्या नव्या मात्रेवर आणू पाहतो. त्याच्या शेजारचा त्याला बघून तसेच करतो. म्हणून तीन खुणा ध्यानात ठेवाव्या.

एक, सम मोजावी. दुगण लागण्याआधी एका समेपासून दुसऱ्या समेपर्यंत मनात सावकाश आकडे मोजावे, आणि लागल्यावर पुन्हा मोजावे. आकडा तोच आला तर दुगण, कमी आला तर लय वाढली.

दोन, पाऊल पाहावे. उभ्या भजनात पाय खरे बोलतात. हात दुप्पट झाले आणि पाऊल तसेच राहिले, तर दुगण शुद्ध आहे.

तीन, विणेकऱ्याकडे पाहावे. त्याच्या तोंडचे शब्द कोणत्या सबुरीने चालले आहेत ते ऐकावे आणि आपले शब्द तिथे ठेवावे. हात मृदंगाला द्यावा, जीभ विणेकऱ्याला द्यावी.

वाटेवरच्या दिंडीत

देवळात एक वेळ खपते, ते वाटेवर खपत नाही. वाटेवर दिंडी लांबते. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मृदंग, विणेकरी, आणि मागे तुळस घेतलेल्या बाया. आवाजाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला वेळ लागतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. टाळकऱ्यांची रांग ३४ मीटर लांब धरली तर या टोकाचा टाळ त्या टोकाला एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो.

एक दशांश सेकंद म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण हिशेब करा. लय ६० ची असेल तर तो मात्रेचा दहावा हिस्सा, म्हणजे चालून जाणारा. लय १२० ची झाली तर तोच पाचवा हिस्सा झाला. आणि त्या १२० वर कोणी दुगण लावली, तर एका टाळापासून पुढच्या टाळापर्यंत पाव सेकंदच उरते, आणि उशीर त्यातला जवळजवळ निम्मा खाऊन टाकतो. मग मागच्याचा टाळ पुढच्याच्या दोन टाळांच्या मधेच कुठेतरी पडतो. दोघेही आपापल्या कानाला बरोबर, आणि ऐकणाऱ्याला कालवा! यात कोणाचा दोष नाही, हा अंतराचा गुण आहे.

म्हणून लांब दिंडीत लय बेताची ठेवून उठावासाठी दुगण वापरणे शहाणपणाचे. ६० वर दुगण लावली तर दोन टाळांत अर्धा सेकंद असतो, उशीर त्याचा पाचवा हिस्साच होतो आणि टाळ फार फुटत नाहीत. शिवाय कानापेक्षा डोळ्यावर भिस्त ठेवावी. आवाज मागे राहतो, पण पुढच्याचा हात उठलेला त्याच क्षणी दिसतो. टाळ उंच करून वाजवण्यात शोभा आहेच, पण उपयोगही आहे.

जाणे आणि परत येणे

दुगणीला परतीचे दार असते. दुप्पट बोल बंद केले की मूळची ठाय तिथेच उभी असते, कारण ती कधी गेलीच नव्हती. वाढलेल्या लयीला असे दार नाही. चढलेली लय उतरवणे फार अवघड. सगळी मंडळी एकदम सावकाश होत नाहीत, आणि झाली तर भजन विझल्यासारखे वाटते. म्हणूनच लय चढवायची ती शेवटाकडे. हरिपाठाच्या अखेरीस, पावल्या रंगात आल्यावर, गजराच्या वेळी. तिथे परत यायचेच नसते. लय शिगेला पोचते आणि भजन थांबते. तिथे चढणारी लय ही चूक नव्हे, ती जागाच तिची आहे. लय वाढवू नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. वाढवायची तर जाणून वाढवावी, आणि कुठे वाढवतो आहोत ते पाहावे, एवढेच.

आणि समजा भजनाच्या मध्यावरच लय चढून गेली, तर? जाणते बुवा एक युक्ती करतात. लय हळूहळू ६० ची १२० होऊ देतात, आणि बरोबर दुप्पट झाली की शब्द निम्म्या गतीने उचलतात. प्रत्येक अक्षराला एकाऐवजी दोन मात्रा. पूर्वी एका आवर्तनात बसणारा तुकडा आता दोन आवर्तने घेतो. आवर्तन चार सेकंदांचे, दोन आवर्तने आठ सेकंदांची. म्हणजे शब्द मूळच्या सबुरीवर परत आले आणि टाळ मात्र दुप्पट राहिले. जी पळापळ होती तिचीच दुगण झाली! दमलेल्यांना श्वास मिळाला. ही युक्ती लय पुरती दुप्पट झाल्यावरच लागू पडते, दीडपटीवर नाही. त्यासाठी बुवांच्या कानात मूळची लय जागी असावी लागते.

चाल बांधणाऱ्यासाठी

अभंगाला नवी चाल लावणाऱ्याने हा विचार आधीच करावा. चाल संथ वाटते, तिला उठाव हवा, असे झाले की सोपा उपाय म्हणून लय वाढवली जाते. त्याआधी दुगण लावून पाहावी. शब्द आणि स्वर आहेत तिथेच ठेवावे आणि एखाद्या कडव्याखाली टाळ-मृदंग दुप्पट करावा. बहुधा एवढ्याने काम होते. अभंग अर्थासाठी गायचा असतो. शब्द ऐकणाऱ्याच्या मनात उतरायला जो वेळ लागतो तो वाद्याच्या दुगणीने कमी होत नाही, लय वाढवल्याने कमी होतो. नामाचा गजर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे शब्द सर्वांच्या ओळखीचा असतो, नवा अर्थ पोचवायचा नसतो. तिथे लय खुशाल वाढू द्यावी.

शब्दांची दुगण घालायची असेल तर ती कुठून उचलायची हे ठरवावे. आठ मात्रांच्या ओळीची दुगण चार मात्रांत संपते. समेवरून उचलली तर ती दोनदा म्हणावी लागते, तेव्हा पुढची सम गाठते. एकदाच म्हणायची असेल तर पाचव्या मात्रेवरून, म्हणजे खालीवरून, उचलावी. चौतालाच्या बारा मात्रांच्या ओळीची दुगण सातव्या मात्रेवरून, तिगण नवव्यावरून आणि चौगण दहाव्यावरून उचलली की नेमकी समेवर येते. धृपद गाणारे हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत.

वहीत लिहून ठेवतानाही भेद ठेवावा. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या लेखनपद्धतीत एका मात्रेत बसणारी अक्षरे जवळ लिहून त्यांच्याखाली चंद्रकोरीसारखा कंस काढतात, समेला × आणि खालीला ० अशी खूण करतात. दुगण असेल तिथे तसा कंस काढावा. लय वाढवायची असेल तिथे कंस काढू नये. तिथे शब्दांत लिहावे, "इथून लय चढती," आणि जमल्यास मिनिटाला किती मात्रा तो आकडा द्यावा. नुसते "जलद" असे लिहिले, तर दहा वर्षांनी ती वही उघडणारा कोणता अर्थ घेईल, सांगता येत नाही.

घरचा अभ्यास

हा पाठ वाचून येणार नाही, करून येईल. रोज दहा मिनिटे पुरेत. घड्याळाच्या सेकंदाबरोबर हाताने टाळी द्या, दर सेकंदाला एक. त्यावर राम-कृष्ण-हरी वर लिहिल्याप्रमाणे ठायीने चार आवर्तने म्हणा. मग टाळी तीच ठेवून चार आवर्तने दुगण म्हणा. मग पुन्हा ठाय. टाळी हलली की थांबा आणि पहिल्यापासून करा. हे साधले की उलटे करा. तोंडाने ठाय म्हणा आणि टाळी दुप्पट द्या. हे जरा अवघड जाते. जीभ टाळीमागे ओढली जाते. ती ओढ ओळखता येणे हाच खरा अभ्यास. शेवटी उभे राहून करा: पाऊल सेकंदाला एक, टाळी सेकंदाला दोन, नाम ठाय. पाय, हात आणि जीभ तीन वाटांनी जाऊन समेवर एकत्र आली, की तुम्हांला दुगण आली.

दोघांनी मिळून केले तर अधिक चांगले. एकाने ठाय धरावी, दुसऱ्याने दुगण करावी, मग अदलाबदल. ठाय धरणाऱ्याचे काम हलके समजू नये. दुसरा धावत असताना आपण जागा न सोडणे हे धावण्याहून कठीण आहे.

आबा आता नाहीत. मृदंगावर दुगण लावताना आजही माझे डोळे आधी रांगेतल्या सर्वांत वयस्क टाळकऱ्याकडे जातात. त्याचा टाळ चालू आहे ना, त्याचे ओठ शब्दांबरोबर आहेत ना, हे पाहतो. ते चालू असतील तर माझी दुगण बरोबर आहे. थांबले असतील तर माझा हात पळाला आहे. ही खूण कोणत्याही पुस्तकात मला मिळाली नाही. आबांनी टाळ खाली ठेवले तेव्हा ती मिळाली.

रामकृष्णहरी.